रामेश्वराची कावड

जामखेड तालुक्यांत दोन गांवें अशीं आहेत कीं, त्यांना वगळून मराठ्यांचा इतिहास सांगतां येत नाहीं. एक खर्डा आणि दुसरें चौंडी. खर्ड्यास निंबाळकरांचा भुईकोट किल्ला आहे. त्याच्या आसमंतांत ११ मार्च १७९५ रोजीं मराठ्यांचें व निजामाचें युद्ध झालें. निजाम अली त्या किल्ल्याच्या आश्रयास गेला आणि अखेर मोठी खंडणी व दौलताबादेसह मुलूख देण्याचें कबूल करून सुटला. चौंडी हें सीना नदीच्या काठचें लहानसें खेडें. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरीं १७२५ सालीं अहिल्याबाईंचा जन्म झाला. खर्ड्याच्या रणांगणावर होळकरांची फौज तुकोजी होळकरांच्या हाताखालीं होती. आणि ती लढाई होऊन अवघे पांच महिने लोटतात न लोटतात तोंच, १३ ऑगस्ट रोजीं, अहिल्याबाई महेश्वरीं निवर्तल्या. २०२४ सालीं साऱ्या जिल्ह्यालाच त्यांचें नांव मिळालें.

शाळेच्या पुस्तकांत खर्ड्याला जागा अधिक मिळते, आणि तें साहजिक आहे. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन अशा साऱ्यांनीं एकत्र येऊन जिंकलेली ती शेवटची मोठी लढाई. चौंडीच्या वांट्याला बहुधा एकच ओळ येते, ती जन्मगांव म्हणून. परंतु मराठी मुलखाचा दक्षिणेशीं काय संबंध होता हें पाहावयाचें असेल, तर तोफांच्या मागून जाण्यापेक्षां चौंडीच्या या लेकीनें पाठविलेल्या पाण्याच्या मागून जाणें अधिक फलदायी होईल. तें पाणी गंगेचें होतें. दक्षिणेकडील देवळांतून अभिषेकासाठीं तें जात असे, आणि त्या वाटेचें शेवटचें टोंक म्हणजे रामेश्वर.

काशी आणि रामेश्वर हीं दोन स्थानें मराठी घरांत एका दमांत उच्चारलीं जातात, त्याला कारण आहे. एकीची यात्रा दुसरीवांचून पुरी होत नाहीं, अशी जुनी समजूत. सेतूची वाळू घ्यावयाची, ती प्रयागच्या त्रिवेणींत सोडावयाची, तेथून गंगोदक भरून घ्यावयाचें आणि तें आणून रामेश्वराच्या लिंगावर घालावयाचें. असें केलें म्हणजे यात्रा सांग झाली. दोन ठिकाणांमधलें अंतर दोन हजार किलोमीटरांच्या घरांत आहे. तें पायीं तोडावयाचें, आणि तेंही एकदां जाऊन व एकदां येऊन. घरून निघणारा माणूस देणींघेणीं मिटवून, वडीलधाऱ्यांच्या पायां पडून निघे. घरच्यांनीं मनांतल्या मनांत त्याचा निरोप कायमचाच घेतलेला असे. तो परत आला, तर मावंदें घालण्यांत जो थाट होई तो नुसता पुण्याचा नसे. जिवंत परतल्याचाही आनंद त्यांत असे.

यांतलें अवघड काम पाणी वाहून नेण्याचें. वेळूची एक कांब, तिच्या दोन टोंकांना दोन शिंकीं, शिंक्यांत तोंडें बंद केलेलीं तांब्याचीं किंवा पितळेचीं पात्रें; ही कावड खांद्यावर घेऊन चालावयाचें. पाणी सांडूं द्यावयाचें नाहीं, विटूं द्यावयाचें नाहीं, आणि रिवाज पाळणारा असेल तर कावड भुईला टेकूंही द्यावयाची नाहीं. जिथें विसावा घ्यावयाचा तिथें झाडाची फांदी किंवा दुबेळकें पाहावयाचें. एवढ्या जपणुकीनें नेलेलें पाणी एकनाथांनीं गोदावरीच्या वाळवंटांत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडांत ओतलें, ही कथा महाराष्ट्रांत कोणाला ठाऊक नाहीं? कीर्तनकार ती भूतदयेसाठीं सांगतात, आणि तें योग्यच आहे. इतिहास वाचणाऱ्याला तींत आणखी एक गोष्ट दिसते. ज्या श्रोत्यांसाठीं ही कथा सांगितली गेली, त्यांना रामेश्वराच्या कावडीचें मोल समजावून द्यावें लागलें नाहीं. नाथांनीं काय ओतून टाकलें, हें ऐकणाऱ्याला तत्क्षणीं उमगत होतें, कारण अशा कावडी पैठणच्या घाटावरून जातांना त्याच्या वाडवडिलांनीं पाहिल्या होत्या. नगर जिल्ह्यांतल्याच ताहराबादचे महिपती अठराव्या शतकांत संतांचीं चरित्रें ओवीबद्ध करीत होते, तेव्हां चौंडीची लेक महेश्वरीं राज्य करीत होती. कथा आणि कावड दोन्ही एकाच काळीं चालत्या होत्या.

मल्हारराव होळकरांनीं ही मुलगी चौंडीच्या देवळांत पाहिली आणि सून म्हणून मागितली, असें परंपरा सांगते. पुढचा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पति खंडेराव पडले, १७६६ सालीं मल्हारराव गेले, वर्षभरांत एकुलता मुलगा मालेरावही गेला. त्यानंतरचीं सुमारें अठ्ठावीस वर्षें अहिल्याबाईंनीं नर्मदातीरीं महेश्वरास राहून राज्य चालविलें. काशीचें विश्वेश्वराचें देऊळ, सोमनाथाचें नवें देऊळ, गयेचें विष्णुपद, वेरूळचें घृष्णेश्वर हीं त्यांचीं कामें आजही उभीं आहेत आणि दाखवितां येतात. यांतला खर्च दौलतीच्या तिजोरींतून न होतां होळकरांच्या खासगीच्या उत्पन्नांतून होई, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. दौलतीचा पैसा फौजेला आणि रयतेच्या बंदोबस्ताला. धर्मादाय स्वतःच्या खासगींतून.

देऊळ बांधलें म्हणजे तें दिसतें. पाण्याचें तसें नाहीं. अभिषेक झाला कीं तें गोमुखांतून वाहून जातें आणि मागें कांहींच उरत नाहीं. म्हणून या दानाची साक्ष देवळाच्या भिंतीवर न सांपडतां एका परक्या माणसाच्या ग्रंथांत सांपडते, आणि तोही साधासुधा परका नव्हे. सर जॉन माल्कम यानें डिसेंबर १८१७ मध्यें महिदपूरच्या लढाईंत होळकरांच्या सैन्याचा मोड केला होता. पुढें माळव्याचा कारभार त्याच्याकडे असतां त्यानें तेथील लोकांना विचारपूस करून मध्य हिंदुस्थानाविषयीं जो मोठा ग्रंथ लिहिला व १८२३ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत अहिल्याबाईंवर त्यानें अनेक पानें खर्चिलीं आहेत. उन्हाळ्यांत वाटसरूंसाठीं पाणपोया, थंडींत गोरगरिबांना वस्त्रें हें तर त्यांत आहेच. पण नांगराला जुंपलेले बैल मध्येंच थांबवून बाईंचा सेवक त्यांना पाणी पाजतो, हें पाहून लोक थक्क होत, असेंही तो लिहितो. शेतकरी पांखरांना हांकून लावतात म्हणून पांखरांसाठीं उभीं पिकें विकत घेऊन तीं तशींच राखलीं जात. आणि दक्षिणेंतल्या देवळांतील मूर्तींना गंगेच्या पाण्याचें स्नान घडावें म्हणून तें इतक्या दुरून नेमानें धाडलें जाई, याचीही नोंद त्यानें केली आहे.

माल्कम लष्करी माणूस. हा पैसा फौजेवर खर्चिला असता तर राज्य अधिक सुरक्षित झालें नसतें काय, हा प्रश्न त्याच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं, आणि तो त्यानें एका जाणत्या ब्राह्मणाला विचारलाही. त्याला मिळालेल्या उत्तराचा आशय असा होता कीं, दुप्पट पैसा फौजेला लावला असता तरी इतकें निर्भय राज्य तिला करतां आलें नसतें. तिच्याशीं वैर धरणें हें तिच्या काळच्या राजांना पातक वाटे. पेशवे तिला जो मान देत तोच निजाम देई आणि टिपू सुलतानही देई; हिंदूंच्या बरोबरीनें मुसलमानही तिच्या दीर्घायुष्याची प्रार्थना करीत. हें उत्तर थोडें भाविकपणाचें आहे, हें मान्य करावयास हवें. अहिल्याबाई निव्वळ पुण्याईवर राज्य करीत नव्हत्या. त्यांचे वकील दरबारोदरबारीं बसलेले होते आणि तुकोजींची तलवारही होती. तरीपण त्या उत्तरांतला निजाम आणि टिपू यांचा उल्लेख सहज सोडून देण्याजोगा नाहीं. नर्मदेवरून किंवा काशीहून निघालेलें पाणी दक्षिणेला पोंचावयाचें, तर तें निजामाच्या, म्हैसूरच्या किंवा अर्काटच्या मुलखांतूनच जाणार. त्या अठ्ठावीस वर्षांत मराठे, हैदर, टिपू, निजाम आणि इंग्रज हे आळीपाळीनें एकमेकांशीं लढत होते, आणि आजचा मित्र उद्यां शत्रु होत होता. दिवसाला पांच-सहा कोस चालणारा कावडकरी तीन-चार महिन्यांत किती सरदारांच्या चौक्या ओलांडीत असेल, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

अशा वाटेनें आलेला माणूस शेवटीं समुद्रापाशीं येऊन थांबे. पांबनच्या खाडीवर रेल्वेचा पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजीं सुरू झाला. त्यापूर्वीं मंडपमच्या किनाऱ्यावरून होडीनें पलीकडे जावें लागे. पलीकडचें बेट म्हणजे वाळू, ताडाचीं झाडें आणि खाऱ्या वाऱ्यानें खुरटलेलीं बाभळीचीं झुडपें. देशावरच्या काळ्या मातींत आणि काळ्या दगडांत वाढलेल्या डोळ्यांना तें बेट ओकेंबोकें वाटावें असें. आणि त्या वाळवंटांतूनच एकाएकीं देवळाचा कोट वर येतो.

महाराष्ट्राचा माणूस ज्या जुन्या देवळांना सरावलेला असतो, तीं हेमाडपंती. नगर जिल्ह्यांतलेंच रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ घ्या. घडीव दगड, चुन्यावांचून सांधलेला. अरुंद सभामंडप, पुढें दोन पायऱ्या उतरून काळोखांत पिंडी. तेथें जाऊन माणूस थांबतो, बसतो. रामेश्वरीं बसावयास जागा पुष्कळ आहे, पण देऊळ माणसाला चालावयास लावतें. पूर्वेच्या गोपुरांतून आंत शिरलें कीं दोहों हातांना जे लांबच लांब सोपे पसरलेले दिसतात, त्यांचें दुसरें टोंक डोळ्यांना सांपडत नाहीं. बाहेरच्या फेरींतील सोप्याची एक बाजू सहाशें फुटांहून अधिक लांब आहे, उंची बावीस-तेवीस फूट, आणि सुमारें बाराशें खांब. प्रत्येक खांब जोत्यावर उभा, प्रत्येकावर नक्षी, माथ्यावर बाहेर झुकलेलें घोडकें. एका रांगेंत उभें राहून पाहिलें तर खांब लहान लहान होत जातात आणि शेवटीं उजेडाचा एक ठिपका राहतो. शिल्पाच्या नाजुकपणांत मदुरेचें मीनाक्षीमंदिर किंवा तंजावरचें बृहदीश्वर याहून सरस आहे असें कोणी म्हणणार नाहीं. रामेश्वराचें वैभव मोजमापांत आहे, एकाच खांबाच्या अथक पुनरावृत्तींत आहे. महिनेन् महिने चालून आलेल्या यात्रेकरूला देवापर्यंत पोंचण्यापूर्वीं आणखी चालावयास लावणारें हें देऊळ ज्यानें योजिलें, त्याला यात्रा म्हणजे काय हें नीट कळलेलें होतें.

दर्शनाचा क्रमही तसाच. आधीं समोरच्या अग्नितीर्थांत, म्हणजे समुद्रांत, स्नान. मग ओल्या वस्त्रानें देवळांत येऊन बावीस तीर्थांचें स्नान. हीं तीर्थें म्हणजे देवळाच्या आवारांतल्या विहिरी व कुंडें. काठावर उभा असलेला माणूस पोहरा ओढतो आणि रांगेनें येणाऱ्यांच्या मस्तकावर ओततो. पुढच्या विहिरीकडे, पुन्हां तेंच. लहान मुलें हंसत असतात, म्हातारीं माणसें कुडकुडत नांवें घेत असतात, आणि दगडी फरशी सदा ओली. समुद्रापासून हांकेच्या अंतरावर असलेल्या या विहिरींचें पाणी पिण्याजोगें लागतें, याचें नवल प्रत्येक जण करतो. कोरड्या वस्त्रानें मग गाभाऱ्याकडे.

गाभाऱ्यांत लिंगें दोन आहेत, आणि दोन असण्याची कथा मोठी गोड आहे. रावणवधानंतर पूजेसाठीं लिंग आणावयास रामानें मारुतीला कैलासाकडे पाठविलें. मुहूर्त टळूं लागला, मारुति येईना. तेव्हां सीतेनें वाळूचें लिंग केलें आणि रामानें त्याची प्रतिष्ठा केली. तोंच मारुति लिंग घेऊन आला. त्याचा हिरमोड झालेला पाहून रामानें तेंही लिंग तेथेंच स्थापिलें, आणि आधीं पूजा मारुतीच्या लिंगाची, मग आपल्या लिंगाची, असें ठरवून दिलें. तो क्रम अजून पाळला जातो. वाळूचें तें रामलिंग, कैलासाहून आलेलें तें विश्वलिंग. दूरवरून, उशीरां कां होईना, भार वाहून आणणाऱ्याला पहिला मान देणाऱ्या देवळांत गंगेची कावड स्वीकारली जावी, हें अगदीं जुळतें आहे.

या वाळूच्या बेटावर असला डोंगर रचावयास दगड नाहीं. तो मुख्य भूमीवरून होड्यांतून आणावा लागला, आणि तें काम रामनाडच्या सेतुपति राजांनीं पिढ्यान् पिढ्या केलें. सेतूचा रक्षक तो सेतुपति. रामेश्वराच्या वाटेचें आणि यात्रेकरूंचें रक्षण हेंच त्यांच्या राज्याचें मूळ काम. सतराव्या शतकांत त्यांनीं दुसरा प्राकार बांधिला. वर वर्णिलेला तिसरा, सर्वांत लांब प्राकार अठराव्या शतकांत मुत्तुरामलिंग सेतुपतीच्या कारकीर्दींत पुरा झाला. म्हणजे इकडे अहिल्याबाई काशीचें देऊळ उभारीत होत्या, त्याच पिढींत तिकडे रामेश्वराचे हे सोपे पुरे होत होते. दोघांची गांठ कधीं पडण्याचें कारण नव्हतें. पण एकीनें वाटेचें एक टोंक सांवरलें आणि दुसऱ्यानें दुसरें. मुत्तुरामलिंगाची मूर्ति सोप्याच्या तोंडाशीं हात जोडून उभी आहे. १७९५ सालीं, म्हणजे खर्ड्याच्या लढाईच्या आणि अहिल्याबाईंच्या निधनाच्याच वर्षीं, इंग्रजांच्या कंपनीनें त्याला पदच्युत करून कैदेंत टाकिलें, आणि तो पुन्हां गादीवर बसला नाहीं. पूर्वेच्या गोपुराचें काम तर अर्धवटच राहिलें होतें. आज जें सव्वाशें फुटांहून उंच गोपुर यात्रेकरूचें स्वागत करतें, तें विसाव्या शतकाच्या आरंभीं देवकोट्टैच्या चेट्टियार व्यापाऱ्यांनीं पुरें केलें. राजे गेले तेव्हां काम सावकारांनीं हातीं घेतलें.

आतां मराठी यात्रेकरूला सर्वांत अधिक चकित करणारी गोष्ट. तेलंगी, कानडी, तमिळ मुलूख ओलांडून, खाणाखुणांवर भागवीत तो या बेटावर येई. आणि गाभाऱ्याच्या दारांत उभा असलेला पुजारी त्याच्याशीं मराठींत बोले. रामेश्वराच्या पूजेचा अधिकार परंपरेनें महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांकडे आहे. दक्षिणेंतल्या इतर शिवालयांतून जी गुरुक्कळांची व्यवस्था दिसते, ती येथें नाहीं. हीं घराणीं पिढ्यान् पिढ्या तेथें राहून तमिळ झालीं आहेत. त्यांची मराठी पुण्याच्या कानाला विचित्र वाटेल. पण देवाला स्पर्श करण्याचा अधिकार त्यांचा, आणि त्यासाठीं लागणारी दीक्षा ते शृंगेरीच्या शारदापीठाकडून घेतात.

शृंगेरीचें नांव निघालें म्हणजे मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला खालीं पाहावें लागतें. १७९१ सालीं टिपूविरुद्ध चाललेल्या मोहिमेंत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या टोळ्यांनीं शृंगेरीचा मठ लुटला. माणसें मारलीं गेलीं, शारदेची मूर्ति जागची हलविली गेली, संपत्ति नेली आणि स्वामींना स्थान सोडून कारकळास जावें लागलें. दोष पेंढाऱ्यांवर ढकलण्याची रीत आहे. पेंढारी होते हें खरें. पण ते ज्या निशाणामागून चालले होते, तें निशाण मराठ्यांचें होतें. त्यांत आणखी नामुष्की अशी कीं, स्वामींना मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठीं पैसा व सामग्री टिपू सुलतानानें दिली. त्याची स्वामींना गेलेलीं पत्रें १९१६ सालीं म्हैसूरच्या पुराणवस्तु खात्याचे रा. नरसिंहाचार यांनीं उजेडांत आणलीं, आणि तेव्हांपासून हें प्रकरण झांकून ठेवणें कोणालाही शक्य राहिलेलें नाहीं. रामेश्वराचा मराठी पुजारी ज्या पीठाची दीक्षा घेऊन गंगोदक हातीं घेतो, तेंच पीठ मराठी फौजेनें लुटलें. आणि दोन्ही गोष्टी अहिल्याबाईंच्या हयातींतल्या. ज्यांना मराठ्यांचा दक्षिणेंतला इतिहास केवळ धर्मरक्षणाचा म्हणून सांगावयाचा असतो, ते १७९१ वगळतात. ज्यांना तो केवळ लुटीचा म्हणून सांगावयाचा असतो, ते कावड वगळतात. रामेश्वराच्या वाटेवर दोन्हींचीं पावलें उमटलेलीं आहेत.

त्या वाटेवर मराठ्यांचें एक तिसरेंही पाऊल आहे, आणि तें तंजावरकरांचें. व्यंकोजीराजांनीं सतराव्या शतकांत तंजावरास स्थापिलेल्या भोसल्यांच्या राज्याची कीर्ति आज ग्रंथालयासाठीं आणि नाटकांसाठीं आहे. पण त्यांच्या काळीं वाटसरूच्या तोंडीं त्यांचें नांव येई तें अन्नछत्रांमुळें. तंजावराहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांनीं छत्रांची रांगच उभी केली होती, आणि त्यांतलीं कितीतरी राजस्त्रियांच्या नांवानें होतीं. सरफोजीराजांनीं ओरत्तनाडु येथें मुक्तांबेच्या स्मरणार्थ छत्र घातलें तें १८०२ सालचें. त्यापूर्वींच, १७९९ सालच्या तहानें, राज्याचा कारभार कंपनीच्या हातीं गेला होता. छत्रांना लावून दिलेलीं गांवेंही त्याबरोबर जातात कीं काय, अशी वेळ आली. तेव्हां १८०१ च्या जानेवारींत सरफोजींनीं इंग्रज रेसिडेंटास एक पत्र लिहिलें. राज्य गमावलेल्या राजाचें तें पत्र आहे, पण त्यांत राज्य परत मागितलेलें नाहीं. छत्रांचें उत्पन्न राखावें, एवढेंच मागणें.

त्या पत्रांत छत्रांचा जो दिनक्रम सांगितला आहे, तो वाचतांना जुन्या वाटेवरचीं माणसें डोळ्यांपुढें उभीं राहतात. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूला तेथें अन्न मिळे. जोगी, जंगम, बैरागी कोणीही असो. शिजलेलें अन्न ज्यांना चालत नसे त्यांना शिधा. लेंकरांना दूध. वाटेंत आजारी पडलेल्यासाठीं वैद्य. तेथें बाळंत होणाऱ्या बाईची शुश्रूषा. आणि जो वाटेंतच मेला त्याच्या जातिधर्माप्रमाणें त्याची उत्तरक्रिया. मध्यरात्रीं पुन्हां एकदां घंटा वाजवीत, कीं कोणी झोंपेंत राहिला असेल, उशीरां पोंचला असेल, उपाशी असेल, त्यानें येऊन जेवावें. रात्रीं बाराला घंटा वाजवून उपाशी माणूस हुडकणारें राज्य किती दिवस टिकलें, हा प्रश्न इतिहासकारांनीं विचारला आहे आणि त्याचें उत्तरही दिलें आहे. १८५५ सालीं शेवटचा राजा पुत्रावांचून वारला, आणि पुढच्या वर्षीं तंजावर खालसा झालें. छत्रांपैकीं कांहीं इमारती मात्र उभ्या राहिल्या.

जेवणाच्या पंक्तींत अंत्यजाला जागा होती, ती देवळांत नव्हती. छत्रांत जेवून, तितकीच वाट चालून आलेला एखादा यात्रेकरू रामेश्वराच्या गोपुराबाहेर उभा राहून कळसाला हात जोडी आणि परत फिरे. त्याच्या घरचें पाणीही आंत गेलें नसतें. मदुरेचें मीनाक्षीमंदिर ८ जुलै १९३९ रोजीं हरिजनांना उघडलें. १९४७ सालीं पंढरपूरच्या मंदिरासाठीं साने गुरुजींनीं प्राण पणाला लावले, आणि त्याच वर्षीं मद्रास इलाख्यांत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. बाराशें खांबांच्या त्या सोप्यांतून सर्वांना चालतां येऊं लागल्याला अजून शंभर वर्षेंही झालेलीं नाहींत.

आगगाडी आल्यावर कावडीची गरज सरली. तीन-चार महिन्यांची वाट दिवसांवर आली, आणि बंद पात्रांतलें गंगोदक गांठोड्यांत बांधून आणतां येऊं लागलें. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीं आलेल्या वादळानें बेटाच्या टोंकाचें धनुष्कोडी गांव धुऊन नेलें, उतारूंनीं भरलेली गाडी समुद्रांत ओढून नेली आणि पांबनच्या पुलाचीही मोठी हानि केली. देऊळ मात्र राहिलें. पूल लवकरच दुरुस्त झाला, १९८८ सालीं शेजारीं मोटारींचा पूल झाला, आणि ६ एप्रिल २०२५ रोजीं रेल्वेचा नवा पूल सुरू झाला. गाभाऱ्यांत मात्र अजूनही भक्तानें आणलेलें गंगेचें पाणी घेतलें जातें आणि रामलिंगावर चढतें.

हें सारें ज्यांना परवडलें त्यांच्यासाठीं. जामखेडच्या परिसरांतल्या बहुतेक माणसांना त्या काळीं काशीही दूर आणि रामेश्वरही दूर. त्यांनीं आपल्यापुरती सोय केली. जामखेडजवळ, बीड जिल्ह्याच्या हद्दींत, सौताडा येथें विंचरणा नदी कड्यावरून खालीं उडी घेते. त्या खोल दरीच्या तळाशीं महादेवाचें देऊळ आहे आणि त्या महादेवाचें नांव रामेश्वर. श्रावणांत आसपासच्या गांवांचीं माणसें ओल्या पायऱ्यांवरून जपून जपून तेथें उतरतात. कडेवर मूल, हातांत बेलाची पानें आणि पाण्याचा तांब्या. आणि शेजारीं धबधब्याचा आवाज एवढा कीं, पुजाऱ्याचे मंत्र ऐकूं येत नाहींत.